मॉडेलर, मशीन आणि दोन जुने बॉक्स : बेस गिटारच्या जुळवणीच्या नोंदी

२ जून २०२५, मालवण

यंदा मॉन्सून २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला. त्याआधीच्या आठवड्यातही पाऊस थांबला नव्हता, आणि वाड्यावाड्यांतल्या सत्यनारायणाच्या पूजेचे ऑर्केस्ट्रे त्यात सापडले. एका मंडपात ताडपत्रीत साचलेलं पाणी बेसच्या कॉम्बोवर (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ओतलं गेलं आणि ट्रान्सफॉर्मर गेला. कुडाळच्या दुकानात उघडून बघितलं, तर बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खाऱ्या हवेनं आधीच हिरवे पडलेले. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळेल, पण बोर्ड किती टिकेल ते सांगता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. त्यामुळे कॉम्बोवर आता पैसे घालायचे नाहीत.

त्याऐवजी तीन वस्तू वेगवेगळ्या घेतोय : सूर घडवायला डिजिटल मॉडेलर (ॲम्प आणि बॉक्सच्या आवाजाची नक्कल करणारी पेटी), ताकद द्यायला पॉवर मशीन, आणि स्पीकरचे बॉक्स. एक बिघडली तर तेवढीच बदलता येते, आणि मॉडेलर तर दप्तरात मावतो. ऑर्केस्ट्राला एकाच रात्री जुनी हिंदी गाणी, कोळीगीतं आणि लावणी असं सगळं लागतं. प्रत्येकाला वेगळा बेस हवा असतो आणि मॉडेलरमध्ये तो पायाच्या एका दाबानं बदलतो.

मॉडेलर आहे लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प, वापरलेला, ३२,००० रुपये. मशीन आमच्या साऊंडवाल्या दादांकडे पडून होतं, दोन चॅनेलचं, जुन्या पद्धतीचं जड ट्रान्सफॉर्मरवालं. ९,००० ला मिळालं. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचे दोन बॉक्स ७,००० मध्ये : एक १५ इंची पोर्टवाला (हवा बाहेर यायला भोक असलेला), दुसरा दोन १० इंची स्पीकरांचा, सीलबंद. या भागात कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी ठेवतोय.

१४ जून

मॉडेलर आला, पण मूळ अडॅप्टर सोबत नाही. याला ९ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, आणि मधली पिन ऋण. नेहमीच्या पेडलचा ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर त्याला पुरत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांची मधली पिन धन असते. तसा एक ९ व्होल्ट ३ अँपिअरचा घेतला, टोकाची पिन कापून वायरी उलट्या सोल्डर केल्या, मल्टिमीटर लावून उणे चिन्ह आल्याची खात्री केली आणि मगच मॉडेलरला लावला. घाईनं थेट लावू नका, ३२,००० ची वस्तू आहे. अडॅप्टर, पिन आणि रिक्षा धरून ६५० रुपये.

२२ जून

पहिली जोडणी. मॉडेलरमध्ये ॲम्पेग एसव्हीटीवर बेतलेलं ॲम्प आणि त्याच्यापुढे आठ १० इंची स्पीकरांचा कॅब, म्हणजे स्पीकरच्या बॉक्सची नक्कल, हे तयार प्रीसेट घेतलं. हेडफोनमध्ये सुरेख. तेच मशीनमधून १५ इंची बॉक्समध्ये गेलं आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा झाला. नोट सुरू कुठे होते तेच कळेना.

कारण सरळ आहे. मॉडेलरमधला कॅबचा ब्लॉक म्हणजे खऱ्या बॉक्ससमोर माईक ठेवून घेतलेला आवाज. त्यात वरचे सूर आधीच कापलेले असतात आणि मधल्या सुरांत त्या बॉक्सचे चढउतार मिसळलेले असतात. हेडफोनला किंवा मिक्सरला ते हवंच. पण पुढे खरा बॉक्स असेल तर तो स्वतःची कापाकापी परत करतो, आणि एकावर एक असे दोन बॉक्स होतात. कॅबचा ब्लॉक बंद केला तेव्हा बोटाचा ठोका ऐकू आला, तारेवर नख घासल्याचंसुद्धा कळलं.

दुसरा प्रश्न : मॉडेलरमध्ये पूर्ण ॲम्प ठेवायचं की नुसता प्रीॲम्प, म्हणजे ॲम्पचा सूर घडवणारा पुढचा भाग? एचएक्समध्ये दोन्ही निवडता येतात. व्हॉल्व्हचं पॉवर ॲम्प असेल तर प्रीॲम्प पुरे, पुढचं दबणं आणि गरम होणं ते ॲम्प स्वतः करतं. आमचं मशीन ट्रान्झिस्टरचं. दिलेलं मोठं करून पुढे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या आधी प्रीॲम्प लावला तर आवाज कोरडा आणि टोकदार लागतो. पूर्ण ॲम्प ठेवल्यावर जोरात वाजवलेली नोट थोडी दबते आणि मागे गोलाई राहते. माझी निवड पूर्ण ॲम्प, कॅब बंद.

२९ जून

आजचा अख्खा दिवस आवाजाच्या पातळीत गेला. मशीनचं बटण पूर्ण उघडलं तरी आवाज पुरेना आणि मागे सतत सूं सूं. मशीनमध्ये दोष असेल म्हणून दादांनी ते उघडलं, कपॅसिटर तपासले, पंख्याची धूळ काढली. दोष मिळाला नाही.

तो मॉडेलरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये निघाला. आउटपुटची पातळी इन्स्ट्रुमेंटवर होती, म्हणजे गिटार ॲम्पच्या तोंडात घालण्याइतकी बारीक. मशीनला लाइन पातळी लागते. लाइनवर टाकल्याबरोबर मशीनचं बटण निम्म्यावर आणावं लागलं आणि सूं सूं गेली.

बटणाबद्दल एक गोष्ट सगळ्या साऊंडवाल्यांकडे उलटी ऐकायला मिळते. बटण निम्म्यावर म्हणजे मशीनची ताकद निम्मी, असं नाही. ते फक्त आत येणारा सिग्नल कमीजास्त करतं. मागून सिग्नल मोठा आला तर निम्म्यावरच्या बटणालाही मशीन पूर्ण ताकदीवर जाऊन क्लिपचा, म्हणजे सिग्नल मावत नसल्याचा, लाल दिवा पेटवतं. स्पीकरची कॉईल जळायची ती तिथेच. जोरात स्लॅप मारल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला तर चालेल, पेटून राहिला तर मागे जायचं.

१३ जुलै

आज दोन्ही बॉक्स एकत्र. त्याआधी ओहम मोजले, म्हणजे बॉक्स विजेला किती विरोध करतो ते. ओहम कमी, तर मशीनवर भार जास्त. मल्टिमीटरवर १५ इंची बॉक्स ५.८ दाखवतो, म्हणजे तो ८ ओहमचा. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा कमी दाखवतो. दोन १० इंचींचा बॉक्स ३.१ दाखवतो, म्हणजे ४ ओहमचा. आत बघितलं तर दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडलेले.

दादा म्हणाले, "ब्रिज मार, दणको बघ कसो येता तो." ब्रिज म्हणजे दोन्ही चॅनेल जोडून एकच मोठं करणं. ते केलं नाही. ८ आणि ४ समांतर जोडले की होतात साधारण २.७ ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मा भार दिसतो, म्हणजे जेमतेम १.३. या मशीनच्या पाठीवर चॅनेलला कमीत कमी ४ ओहम असं छापलं आहे. उकाड्यात, बंद मंडपात, निम्म्या कार्यक्रमात ते स्वतःला बंद करून घेईल किंवा आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातील. म्हणून एका चॅनेलला एक बॉक्स, आणि मागचं पॅरलल बटण दाबून दोन्हींना एकच सिग्नल. ४ ओहमवाला तेवढ्याच सिग्नलवर जवळपास दुप्पट ताकद ओढतो, म्हणून त्या चॅनेलचं बटण थोडं मागे.

बॉक्सकडे जाणाऱ्या वायरींत एक गिटारची शील्ड केबल सापडली, दोन्ही टोकांना पी-३८ (गिटारच्या पाव इंची) पिना असलेली. ती काढून टाकली. स्पीकरला जाड दोन तारांची साधी वायरच हवी. नवीन स्पीकॉन (स्पीकरच्या पिना) आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर मिळून १,४०० रुपये.

आणि इतकं करून दोन्ही बॉक्स एकत्र वाजवले तर एकट्या बॉक्सपेक्षा बेस कमी! काळोख पडला म्हणून तिथेच थांबलो.

२० जुलै

दीड व्होल्टचा सेल आणि दोन वायरी. सेलचं धन टोक बॉक्सच्या धन टोकाला, ऋण ऋणाला, क्षणभरच टेकवायचं. स्पीकरचा कोन (पुढचा कागदी पडदा) बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलट. १५ इंची कोन टप्‌ करून बाहेर आला. दोन १० इंचींचा बॉक्स लावला, दोन्ही कोन आत. कधीतरी रिकोनिंग (कोन बदलणं) होऊन आल्यावर आतल्या वायरी उलट लागल्या असणार. म्हणजे एक बॉक्स हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता आणि खालचे सूर हवेतच मरत होते. चार स्क्रू खोलून वायरी पालटल्या. परत लावल्यावर पडवीतली पितळेची घागर वाजायला लागली.

मग १५ इंची बॉक्स कुठल्या सुराला ट्यून आहे ते पाहिलं. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. फोनवर टोन काढणारं ॲप, बारीक आवाज, कोनाच्या मधोमध खडूचा ठिपका आणि तिरकी धरलेली बॅटरी (टॉर्च). ८० हर्ट्झपासून हळूहळू खाली आलो. ठिपका थरथरताना पुसट, लांबट दिसतो. ६० ला तो आखडायला लागला, ५२ ला जवळजवळ स्थिर झाला. त्याच वेळी पोर्टसमोर धरलेल्या मनगटाला वाऱ्याचा झोत लागत होता आणि कागदाचा कपटा फडफडत होता. ५२ हर्ट्झला सगळं काम पोर्टची हवा करते, कोन जवळपास उभा असतो. तिथून खाली ४५, ४० असं गेल्यावर कोन एकदम सैरावैरा मोठी झेप घ्यायला लागला आणि पोर्टमधून नुसती फुसफुस.

या सबंध कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली कोनाला मागून आधार राहत नाही. तिथे बेस वाढवला तर आवाज वाढत नाही, फक्त कोन झेपा घेतो, मशीनची ताकद त्यात जाते, आणि कॉईल फटफट आवाज करत मागच्या लोखंडाला आपटते. बेसची सर्वांत जाड मोकळी तार ४१ हर्ट्झची. ती आपल्याला जाड ऐकू येते ती मुख्यतः तिच्या दुप्पट, म्हणजे ८२ हर्ट्झच्या जोरावर. कान खालचं स्वतः भरून घेतो. एसव्हीटी १९६९ पासून ज्या आठ १० इंचींच्या सीलबंद बॉक्सबरोबर ओळखलं जातं, तो बॉक्ससुद्धा ५८ हर्ट्झच्या आसपासपासून उतरायला लागतो. तरी त्याला कुणी पातळ म्हणत नाही.

मॉडेलरमध्ये सगळ्यात शेवटी लो कटचा ब्लॉक टाकला, ४५ वर, म्हणजे ४५ हर्ट्झच्या खालचं कापायचं. आवाजात फरक जाणवला नाही, पण क्लिपचा दिवा लागायचा थांबला आणि तेवढ्याच मशीनमधून बराच जास्त आवाज मिळाला. पाच तारी बेसची खालची बी, ३१ हर्ट्झची, या बॉक्सकडून मागू नये.

३ ऑगस्ट

सुतारकाम. १५ इंची बॉक्सचा तळ फुगलेला होता. मेस्त्रींनी पटाशी टोचून सांगितलं, "प्लायान पाणी खाल्ल्यान." तळाची फळी मरीन प्लायची १८ मिलिमीटर नवीन. सांध्यांना आतून गोंद आणि लाकडाच्या भुशाचा लेप, कारण सांध्यातून हवा गळली तर पोर्टचं सगळं गणित बिघडतं. कोनावर बुरशीचे ठिपके होते ते कोरड्या मऊ ब्रशनं झाडले. कागदी कोनाला पाणी किंवा स्पिरिट लावू नका.

पावसात गोंद वाळायला फार वेळ घेतो. मेस्त्रींनी वाळला म्हणून सांगितल्यावरसुद्धा तो आत ओला निघाला आणि क्लॅम्प परत लावावे लागले. एक आठवडा असाच गेला. फळी, गोंद, रबरी पाय आणि मजुरी २,९००.

१७ ऑगस्ट

आता मिक्सरचा प्रश्न. कॅबचा ब्लॉक बंद करून बॉक्स छान झाला, पण तोच सिग्नल मिक्सरला दिला तर बाहेरच्या टॉपमधून (लोकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) बेस कर्कश येतो, कारण टॉपमधला हॉर्न वरचं सगळं उघडं करून दाखवतो. मिक्सरला कॅब हवा, स्टेजवरच्या बॉक्सला नको.

म्हणून ॲम्पच्या ब्लॉकनंतर मॉडेलरमध्येच वाट फोडली. वरच्या वाटेवर फक्त लो कट, खालच्या वाटेवर कॅब. शेवटच्या मिक्सर ब्लॉकमध्ये वरची वाट पूर्ण डावीकडे, खालची पूर्ण उजवीकडे. डावं आउटपुट मशीनला, उजवं डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरजोगा करणाऱ्या डबीतून) मिक्सरला. कुणी हे एकाच वाटेत जमवायला सांगितलं तर ऐकू नका. बॉक्ससाठी घासूनपुसून केलेला आवाज बाहेर वाईट लागतो, बाहेरसाठी केलेला स्टेजवर दबतो, आणि रात्रभर दोघांच्या मधे धावपळ होते.

मॉडेलरचं मोठं व्हॉल्यूम बटण दोन्ही आउटपुट एकदम हलवतं. ते एकदा ठरवून त्यावर चिकटपट्टी लावली. स्टेजवरचा आवाज मशीनच्या बटणानं कमीजास्त करायचा, म्हणजे मिक्सरवाल्याला त्रास नाही.

७ सप्टेंबर

गणपतीत काही केलं नाही. घरी बाप्पा, संध्याकाळी भजनं, चाकरमानी आलेले. मॉडेलर कपाटात १५ वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बजवळ ठेवला होता. एलईडी बल्ब तापत नाही, त्याचा इथे उपयोग नाही. सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. बाहेर राहिलेल्या एका केबलची पिन तेवढ्यात काळी पडली, ती कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसली.

१४ सप्टेंबर

तालमीत हमिंग. मिक्सर हॉलच्या मागच्या सॉकेटवर, स्टेज पुढच्या. डीआयची केबल जोडली की घुंऽऽ सुरू, काढली की बंद. म्हणजे दोन वेगवेगळ्या अर्थिंगमधून वेटोळं तयार झालं होतं. दुकानातून आणलेल्या स्वस्त डीआयमध्ये ट्रान्सफॉर्मरच नव्हता, त्यामुळे त्याचं ग्राउंड लिफ्टचं (ग्राउंडची जोडणी तोडायचं) बटण दाबूनही फरक पडेना. ते ८०० रुपये गेले. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय २,२०० ला घेतला, लिफ्ट दाबलं, हमिंग गेलं.

मंडपांतून सर्रास होणारा उपाय म्हणजे मशीनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं. कृपा करून तो करू नका. ओल्या जमिनीवर, पावसात, हातात तारांचं वाद्य आणि ओठांना माईक अशा अवस्थेत ती पिन माणसाचा जीव वाचवते.

२६ सप्टेंबर

नवरात्रातला पहिला मोठा कार्यक्रम, आचऱ्याकडे. स्टेज लोखंडी पिंपांवर टाकलेल्या फळ्यांचं. बॉक्स ठेवला आणि ए ची नोट आली की अख्खं स्टेज घुमायचं, बाकीच्या नोटा बुडायच्या. ढोलकीवाला ओरडला, "अरे बेस खंय गेलो? माका कायच ऐकाक येत नाय." बॉक्स वाळूनं भरलेल्या टायरवर ठेवला, फळ्यांचा संबंध तुटला. शिवाय ॲम्पवरचा बेस थोडा कमी आणि मध्यम वाढवला, साधारण ५०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. मग ढोलकीवाल्याला नोट कळायला लागली. घरी एकट्यानं वाजवताना हा पट्टा नाकात बोलल्यासारखा वाटतो, पण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या डाव्या हातात नोट ऐकू येते ती त्याच्याचमुळे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात. सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. आम्हाला त्या दिवशी १० पर्यंतच होतं. म्हणून जुळवणी दिवसाउजेडी उरकून घेणं सोयीचं.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. जागेवर वीज नाही, जनरेटर. वाजवण्याआधी व्होल्टमीटरचा प्लग लावून बघितला : दिवे चालू असताना २१०, फोकस एकदम बंद केले तेव्हा काटा २६५ च्या पुढे उडाला. मॉडेलरचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा, आणि असा झटका त्याला झेपेलच असं नाही. मॉडेलरपुरता लहान स्टॅबिलायझर लावला, तो दादांकडे होताच. मशीन थेट जनरेटरवर ठेवलं, पण फोकस बंद करायच्या आधी हाक मारायची असं लाइटवाल्याशी बोलून घेतलं. कार्यक्रम निर्विघ्न झाला. व्होल्टेज उतरलं की जड ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची ताकद उतरते, ते मात्र शेवटच्या गाण्यांत ऐकू आलं.

९ नोव्हेंबर

आतापर्यंतचा खर्च : मॉडेलर ३२,०००, मशीन ९,०००, बॉक्स ७,०००, अडॅप्टर ६५०, वायरी १,४००, सुतारकाम २,९००, दोन डीआय मिळून ३,०००. सगळे मिळून ५५,९५०.

सध्याची जुळवणी : लहान वाडीच्या पूजेला फक्त दोन १० इंचींचा सीलबंद बॉक्स. त्याला लो कट ४० वर पुरतो, कारण सीलबंद पेटीत कोनाच्या मागे हवेची गादी कायम राहते. मैदानात दोन्ही बॉक्स. पोर्टवाला आणि सीलबंद एकत्र वाजवताना ५२ हर्ट्झच्या आसपास दोघांचा फेज, म्हणजे हवा ढकलण्या-ओढण्याची वेळ, एकमेकांपासून सरकतो, त्यामुळे एफ आणि जी या खालच्या नोटा अजून थोड्या पातळ लागतात. सेलच्या चाचणीनं हे दुरुस्त होत नाही. पुढचं काम म्हणजे मशीनच्या दुसऱ्या चॅनेलला वेगळा सिग्नल देऊन दोन १० इंचींना १०० हर्ट्झच्या वरचंच पाठवणं. त्यासाठी मॉडेलरच्या सेंडमधून तिसरी वाट काढावी लागेल. मशीनचा पंखा आवाज करतोय, तोही त्याच वेळी बदलायचा आहे.